तिची वही उघडायची की नाही?

मावशी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला मेसेज आला, ‘फ्लेक्सचा मॅटर तू लिहून दे, आणि शोकसभेत पाच मिनिटं बोल.’ कफ परेडच्या आमच्या मच्छीमार नगरात मराठी बरं लिहिणारा म्हणून माझं थोडं नाव आहे. म्हणजे नारळी पौर्णिमेच्या बॅनरवरचे ऱ्हस्व-दीर्घ मी तपासतो, इतकंच.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा साचा तुम्हालाही पाठ असेल. मधे फोटो, फोटोला कॉम्प्युटरवर घातलेला हार, खाली ‘समाजसेविका’, ‘दानशूर’, ‘गोरगरिबांचा आधार’ यांपैकी दोन विशेषणं, आणि त्याखाली शोकाकुल म्हणून पंधरा-वीस जणांचे पासपोर्ट फोटो. गेलेल्या माणसापेक्षा शोकाकुलांना जास्त जागा लागते. डिझाइन करणाऱ्या पोरानं फोनवर विचारलं, ‘नेमकं काय काय केलं होतं त्यांनी? दोन-तीन पॉइंट दे ना.’ तिथे मी अडलो तो अजून पुरता सुटलेलो नाही. म्हणून हा लेख.

मावशीनं काय केलं होतं? चाळीसएक वर्षं ती पहाटे ससून डॉकला लिलावाला गेली, टोपली भरून म्हावरं आणलं आणि दुपारपर्यंत विकलं. हे आमच्याकडच्या कितीतरी बायका करतात. फ्लेक्सवर घालण्यासारखं होतं ते दुपारनंतरचं. कुणाच्या घरातली बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायला, साडी नेसवायला मावशी पुढे. गावाहून कुणाचा पेशंट परळला टाटा हॉस्पिटलला आला की ती त्याच्याबरोबर रांगेत उभी राहणार, आणि बरोबरच्या माणसांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेपर्यंत पोचवून मगच घरी येणार. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, खलाशांच्या घरात पैसा नाही. त्या दोन महिन्यांत कुणाकडे तांदूळ, कुणाकडे सुकट, कुणाच्या पोराची फी. हे ढोबळमानानं सगळ्यांना माहीत होतं, नेमकं कुणालाच नव्हतं.

नेमकं होतं ते तिच्या वहीत. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. मावशीला लिहिता येत नसे, म्हणून ती नगरातल्या पोरांकडून लिहून घ्यायची. मी चौथीत असताना तिच्याकडे बसून लिहिलंय. ती सांगायची, मी लिहायचो, शेवटी एक चॉकलेट आणि दम : ‘कुठं बोलायचं नाय हां.’ तेव्हा न समजलेली एक गोष्ट आत्ता वही चाळताना समजली. एकाच पोराला ती सलग लिहायला लावत नसे, आणि कुठल्याच पोराकडून त्याच्या घरचं किंवा शेजारचं नाव लिहून घेत नसे. वहीत पंधरा-वीस हस्ताक्षरं आहेत. सगळं माहीत असलेलं माणूस एकच, आणि तिला वाचता येत नव्हतं.

ही वही आता काय करायची, यावरून तिच्या घरात दोन तट आहेत. थोरला मुलगा म्हणतो, पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकूया, आईनं कुणाकुणाला उभं केलं ते जगाला कळू दे. नावांवर रेघ मारलेली आहे ती फिटलेली उधारी, आणि बिनरेघेची नावं बरीच आहेत. त्याच्या बोलण्यात वसुली होती का? थोडी असेलही. पण मी त्याच्यासमोर बसलो होतो, आणि मला त्यात जास्त करून दुःख दिसलं. आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी धावली, तेव्हा घरात हा होता, आणि ज्यांच्यासाठी धावली त्यातले कितीतरी जण खांदा द्यायला आले नाहीत. मुलीचं म्हणणं नेमकं उलट. तिनं वही माझ्या हातात दिली आणि सांगितलं, ‘वाच, आणि आईवर चांगलं लिही. पण नाव कुणाचं नको.’

नावाशिवाय काय लिहू? ‘अनेक गरजूंना मदत केली’ असं लिहिलं तर ते कुठल्याही नगरसेवकाच्या फ्लेक्सवर शोभेल. मावशी त्यात कुठेच नाही. ती कुठे आहे, तर अमक्याची बायको बाळंतपणात अडली त्या रात्री, तमक्याची बोट फुटली त्या आठवड्यात. तिचा मोठेपणा सांगायचा तर दुसऱ्या कुणाचा तरी वाईट दिवस सांगावा लागतो, आणि तो दिवस त्या माणसानं मोठ्या कष्टानं मागे टाकलेला असतो. आपण दात्याचा सत्कार करतो त्याचा खर्च घेणाऱ्याकडून वसूल होतो, हे माझ्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

तसं पाहिलं तर डोळ्यांसमोर कायमच होतं. २०२० च्या टाळेबंदीतले रेशन वाटपाचे फोटो आठवा. तांदळाच्या एका पिशवीला पाच हात लागलेले, पाचही चेहरे कॅमेऱ्याकडे, आणि सहावा चेहरा, ज्याच्यासाठी पिशवी आणली तो, खाली. हल्ली त्याची रील होते, मागे गाणं लागतं. आमच्या पिढीनं हे शोधून काढलं असंही नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवायची पद्धत जुनीच आहे. त्यात निदान एक बरं आहे, पंखा चालू झाला की नाव दिसत नाही.

तेव्हा माझं पहिलं मत अगदी सोपं झालं होतं. गुप्तदान तेच खरं, वही बंद करा, फ्लेक्सही नको. पण हे मत दोन दिवससुद्धा टिकलं नाही.

कारण नाव न घेण्याची ही थोरवी नेहमी कुणाच्या वाट्याला येते ते बघा. आम्ही राहतो त्या भागाचं नाव कफ परेड. हे कफ म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवरचे साहेब. मावशी जिथे चाळीस वर्षं गेली तो डॉक १८७५ साली बांधणाऱ्या ससूनच्या नावाचा. गिरगावाकडे गेलात तर नाना चौक, नाना शंकरशेटांचा. त्यांनी शाळांसाठी, या शहरासाठी केलं ते पाहता कमीच आहे. आणि आमच्या वस्तीचं नाव काय, तर मच्छीमार नगर. कुण्या एकाचं नाव नाही, धंद्याचं नाव. २००८ च्या २६ नोव्हेंबरला ते दहा जण रबरी बोटीतून बधवार पार्कसमोर आमच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा जगाच्या पेपरांत आमचं नाव आलं. इथल्या लोकांनी त्यांना हटकलं होतं, कोण, कुठले म्हणून विचारलं होतं. तरी आजही कुणाला पत्ता सांगितला की समोरचा म्हणतो, ‘अच्छा, ते उतरले होते तेच ना?’ मारायला आलेल्यांची नावं गूगलवर पाचव्या सेकंदाला सापडतात. मावशीचं सापडणार नाही. मग तिच्या पोरानं आईचं नाव कुठेतरी मोठ्या अक्षरात लागावं म्हटलं तर त्याला हावरट म्हणणारा मी कोण? श्रीमंतानं नाव लावायचं आणि गरिबानं निरपेक्ष राहायचं, ही काही नीती नव्हे, सोय आहे.

ससूनवरून आठवलं. हे घराणं बगदादहून मुंबईला आलेल्या ज्यूंचं. ज्यूंच्या धर्मशास्त्रात दानाच्या पायऱ्या लावणारा एक मोठा पंडित बाराव्या शतकात होऊन गेला, मायमोनिडीस. पेशानं वैद्य, जन्म स्पेनमधला, हयात इजिप्तमध्ये गेलेली. आपल्याकडे गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत, आणि तिथे सगळं बघणं देणाऱ्याच्या मनाकडे : फळाची इच्छा होती का, तिरस्कारानं दिलं का, देश-काळ पाहून दिलं का. मायमोनिडीसच्या आठ पायऱ्यांमध्ये मला वेगळं वाटलं ते हे की तो घेणाऱ्याकडेही बघतो. कुढत देणं सगळ्यांत खाली. मागितल्यावर देणं त्याच्या वर, मागण्याआधी देणं आणखी वर. मग कुणाला कुणाचं नाव माहीत आहे यावरून तीन पायऱ्या : घेणाऱ्याला माहीत पण देणाऱ्याला नाही, देणाऱ्याला माहीत पण घेणाऱ्याला नाही, आणि दोघांनाही माहीत नाही.

मला वाटलं होतं इथेच शिडी संपणार. दोघांनाही माहीत नाही, याच्या वर काय असणार? पण त्याची सर्वांत वरची पायरी गुप्तदानाची नाहीच. ती आहे कर्ज देण्याची, भागीदारी देण्याची, काम देण्याची. पडणाऱ्याचा हात असा धरायचा की त्याला पुन्हा मागावं लागू नये. आणि कर्ज म्हटलं की नाव आलंच, वही आलीच. म्हणजे सगळ्यांत वरच्या पायरीवर नाव परत येतं. हे वाचून मी थांबलो आणि मला एकदम प्रेमाताई पुरव आठवल्या.

आठवण्याचं कारण माझी नोकरी. मी रोज लोअर परळला जातो, जिथे गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत. चिमणी तेवढी शोभेसाठी ठेवलेली असते, तसला प्रकार. २०२४ च्या जुलैमध्ये प्रेमाताई गेल्या तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंनी डब्याच्या वेळी सांगितलं की त्यांची आजी त्यांच्या मंडळात होती. इथल्याच एका चाळीत खानावळ चालवायची. मग मी मिळेल ते वाचलं.

खानावळ म्हणजे हॉटेल समजू नका. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेले पुरुष एका गाळ्यात पंधरा-वीस जण राहायचे, पाळीनं झोपायचे. बायकामुलं गावी. त्यांचं जेवण चाळीतली एखादी बाई करायची. तिची खोली दहा बाय बाराची, त्यातच चूल किंवा स्टो, त्यातच तिचा संसार, आणि दोन वेळा पंगतीला दहा, पंधरा, वीस गडी. पाळ्या तीन, त्यामुळे जेवणाच्या वेळाही तीन. पैसे महिन्याच्या पगाराला मिळणार. तोवर वाण्याकडून तांदूळ-डाळ उधार, आणि वाण्याचं देणं भागवायला सावकार. महिनाभर राबून हातात पडायचं ते व्याजात जायचं. संप झाला की तर बोलायलाच नको. सत्तरच्या दशकात गिरण्यांचा संप झाला, तेव्हा कामगारांकडे द्यायला पैसे नव्हते, आणि या बायकांनी भांडी, किडूकमिडूक विकून त्यांना जेवायला घातलं. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणं असतात. तो संप चालला त्या भाताचा हिशोब मात्र कुणी ठेवला नाही.

प्रेमाताईंनी तो भात बघितला. मूळच्या गोव्याच्या, कोवळ्या वयात गोवा मुक्तीच्या चळवळीत पडलेल्या, मग मुंबईत येऊन कामगारांमध्ये काम करणाऱ्या. पती दादा पुरव बँक कर्मचारी संघटनेचे नेते. १९६९ च्या जुलैमध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. बँक आता गरिबाचीही आहे असं सरकार म्हणत होतं. गरीब बाईला बँकेच्या दारात उभं राहायची भीती वाटत होती. १९७५ साली प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि १४ खानावळवाल्या बायकांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १५०० रुपयांचं कर्ज मिळवून दिलं. तारण काय? काही नाही. बायकांचे गट, एकीला दुसरी जामीन. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी जोब्रा गावात हाच विचार करून बघायला सुरुवात केली ती १९७६ ची. पुढे त्यांना नोबेल मिळालं. अहमदाबादेत इला भट्ट यांनी सेवा बँक काढली होती १९७४ मध्ये. आमच्या परळ-लालबागच्या चाळींतल्या बायका या दोन सालांच्या मधल्या. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली, मंडळ फार मोठं झालं, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह झालं. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, पंगतीला बसणारे गडी गेले, आणि बायकांना वेगळी कामं शोधावी लागली. तो सगळा इतिहास इथे सांगत नाही.

मला अडकवलं ते एका साध्या गोष्टीनं. माझ्या ऑफिसातल्या त्या बाई डब्याच्या टेबलावर, आठ-दहा जणांसमोर, सहज बोलून गेल्या, ‘माझ्या आजीनं कर्ज घेतलं होतं अन्नपूर्णातून.’ आवाज खाली नाही, डोळे खाली नाहीत, उलट थोडा ताठाच. हेच त्या ‘माझ्या आजीला त्यांनी धान्य दिलं होतं’ असं म्हणाल्या असत्या का? मला नाही वाटत. गेलं तर तिच्या हातात दोन्ही वेळा काहीतरीच होतं. पण धान्य मिळालं असतं तर आजी गरजू ठरली असती. कर्ज मिळालं, तेव्हा ती पत असलेली बाई ठरली. ‘पत’ हा काय शब्द आहे बघा. बँकेतली पत तीच आणि समाजातली पत तीच. प्रेमाताईंनी त्या बायकांना काही दिलं नाही असंही एका अर्थी म्हणता येईल; पैसे बँकेचे होते आणि बायकांनी ते फेडले. त्यांनी बँकेला इतकंच पटवलं की ज्या बाईनं संपात स्वतःची भांडी विकून वीस माणसं जेवू घातली, ती तुमचे १५०० रुपये बुडवणार नाही. आणि म्हणून प्रेमाताईंचं आयुष्य नावानिशी सांगता येतं. त्यात कुणाची मान खाली जात नाही.

इथे थांबलो असतो तर लेख छान गोड झाला असता. पण तुमच्याही फोनमध्ये ‘दोन मिनिटांत लोन’ देणारी जाहिरात रोज येत असणार. माझ्या एका मित्रानं असल्या एका अ‍ॅपवरून पाच हजार घेतले होते. हप्ता चुकला तेव्हा त्याच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना मेसेज गेले, तो चोर आहे म्हणून. त्याच्या होणाऱ्या सासऱ्यालाही गेला. रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नियम केले, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट बघता येणार नाही असं ठरवलं, तरी बेकायदा अ‍ॅपं संपली असं कुणी म्हणणार नाही. बायकांच्या गटांना कर्ज देण्याच्या त्याच कल्पनेवर पुढे कंपन्या उभ्या राहिल्या, आणि २०१० मध्ये आंध्रात वसुलीच्या जाचानं माणसं आत्महत्येपर्यंत गेली, तेव्हा सरकारला मधे पडावं लागलं. एकीला दुसरी जामीन, याचा अर्थ एकीच्या दारात दुसरीनं जाऊन बसणं असाही होऊ शकतो. म्हणजे कर्ज दिलं की मान राखला, असं काही नाही. कर्ज देणारं अ‍ॅप आणि आमची मावशी, दोघांकडेही नावांची यादी होती. अ‍ॅप ती यादी उघड करण्याच्या धमकीवरच जगतं. मावशीनं ती वीस हातांत फोडून ठेवली, कुणालाच पुरती वाचता येऊ नये म्हणून.

आता थोरल्याच्या म्हणण्याकडे परत बघा. तो प्रेमानं म्हणतोय, अ‍ॅप धंद्यासाठी. पण ग्रुपवर पानांचे फोटो पडले की मोबाइल उघडणाऱ्याला दोन्हींत काही फरक कळणार नाही.

दादरच्या धर्मशाळेवर गाडगेबाबांचं नाव आहे, त्याचाही मी विचार करत होतो. टाटाला आलेले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात. परक्या शहरात, फुटपाथऐवजी. बाबा स्वतः लोकांकडून लाखो रुपये उभे करून धर्मशाळा बांधायचे आणि झोपायचे बाहेर, झाडाखाली. आपलं स्मारक, समाधी, मूर्ती काही करू नका, असं त्यांनी बजावलं होतं. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले, आणि अमरावतीत त्यांची समाधी आहे, तिथे यात्राही भरते. लोकांनी ऐकलं नाही. पूर्वी मला याचा राग यायचा. आता वाटतं, मेलेल्या माणसाला मान देणं ही मेलेल्याची गरज नसते, मागे राहिलेल्यांची असते, आणि ती खोटी नसते. प्रश्न इतकाच की ती कशावर भागवायची. धर्मशाळेच्या दारावर बाबांचं नाव आहे. आत झोपलेल्या कुणाचंच नाव दारावर नाही.

वहीत मी एक गोष्ट पाहिली ती आतापर्यंत सांगितली नाही. मधल्या एका पानावर माझ्या बाबांचं नाव आहे. जून २०१३, सहा हजार, पुढे एकच शब्द, ‘कॉलेज’. अक्षर माझं नाही, दुसऱ्या गल्लीतल्या कुणाचं तरी. नावावर रेघ नाही.

२०१३ च्या जूनमध्ये मी अकरावीला प्रवेश घेतला. आमच्या घरात एक वाक्य भिंतीवरच्या घड्याळासारखं आहे : बाबांनी कधी कुणापुढे हात पसरला नाही. आई सांगते, आत्या सांगतात, दिवाळीत काका सांगतात. मी स्वतः मुलाखतीत सांगितलंय. आणि आता माझ्या हातात ते पान. थोरल्यानं फोटो टाकले तर बाबांचंही नाव जाणार, याची भीती पहिली. आपण रागावलोय तो कुणावर, हे न कळणं दुसरं. इतके दिवस मी मावशीच्या वहीबद्दल नीतीचा विचार करतोय असं समजत होतो. त्यातला किती विचार होता आणि किती घरची अब्रू सांभाळणं, ते मी आता खात्रीनं सांगू शकत नाही.

हा लेख लिहायच्या आधी मी बाबांना विचारलं. विचारायला चार दिवस लागले. ते संध्याकाळी टीव्हीसमोर होते. मी म्हटलं, ‘मावशीच्या वहीत तुमचं नाव आहे.’

ते म्हणाले, ‘असणार.’

‘तुम्ही तर म्हणता कधी कुणाकडे मागितलं नाही.’

‘नाहीच मागितलं.’ थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बंदी लागली होती. मी जाळं शिवत बसलो होतो. ती टोपली घेऊन चालली होती. थांबली आणि म्हणाली, पोराचं कॉलेज कधी सुरू होतंय रे? मी म्हटलं, बघू. ती काही बोलली नाही. संध्याकाळी नातीच्या हाती पाकीट आलं, आणि सुकटीचा वाटा.’

म्हणजे मागण्याआधी दिलेलं. मायमोनिडीसच्या शिडीवर ही कितवी पायरी, ते मी मनात मोजायला लागलो आणि मला माझीच लाज वाटली.

‘मग परत का नाही दिले?’

‘द्यायला गेलो होतो की. पुढच्या दिवाळीला. घेतले नाहीत. म्हणाली, माझ्याकडे नको, कुणाला लागतील तेव्हा त्याला दे. मी म्हटलं, मग वहीत रेघ तरी मार. तर म्हणे, त्याला दिलेस की मग मारीन.’

‘आणि? दिलेत?’

‘दिले.’

‘मग रेघ का नाही?’

‘तिला सांगायला गेलोच नाही,’ बाबा म्हणाले. ‘सांगायचं तर त्याचं नाव सांगावं लागलं असतं.’

बिनरेघेची ती सगळी नावं मी पुन्हा एकदा पाहिली. त्यांतली किती बुडवलेली आणि किती अशी पुढे गेलेली, हे वहीवरून कळायला काही मार्ग नाही. थोरल्याला मी एवढं सांगितलं. त्याला ते पटलं की नाही, माहीत नाही. फोटो त्यानं अजून टाकलेले नाहीत. वही त्याच्या बहिणीकडे आहे. या जूनमध्ये बंदी लागली तेव्हा तिनं माझ्या पुतणीला दुपारी घरी बोलावलं होतं, पेन घेऊन ये म्हणाली होती.

फ्लेक्स शेवटी लागला. त्यावर मावशीचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट, मोठ्या अक्षरात. खाली : चाळीस वर्षं ससून डॉकवर लिलावाला, नगरातल्या बायकांच्या शेवटच्या आंघोळीला, टाटाच्या रांगेत. शोकाकुलांचे फोटो काढून टाकायला मी सांगितलं, त्यावरून मंडळात थोडी बाचाबाची झाली. सहा जणांचे तरी राहिलेच. शोकसभेत मी पाच मिनिटं बोललो. उधारीबद्दल काही बोललो नाही, तर मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, तिनं किती लोकांना पैसे दिले ते सांग ना!’ मी पुढच्या रांगेतल्या बाबांकडे पाहिलं. ते छताच्या पंख्याकडे बघत होते.

त्या रात्री घरी मी एकदा विचारून पाहिलं, ते सहा हजार तुम्ही कुणाला दिले? त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.